सातला निघून सातला

उस्तादांनी उभ्या आयुष्यात गाडी कधी उशिरा पोचवली नाही. हे म्हणणं त्यांचं स्वतःचं असलं तरी त्याला साक्षीदार होता. ते चालवायचे त्याच बसवर वर्षानुवर्षं तिकिटं फाडलेला कंडक्टर आता निवृत्तीनंतर रोज सकाळी घरी यायचा, चहा घ्यायचा आणि या वाक्याला मान डोलवून जायचा. बायकोचं मत थोडं निराळं होतं. ती म्हणायची, गाडी वेळेवर पोचायची हे खरं, पण घरातल्या एकाही गोष्टीला हा माणूस वेळेवर पोचला नाही. उस्तादांना ते ऐकू यायचं नाही. इतकी वर्षं इंजिनाशेजारी बसून डावा कान अधू झालाय आणि बायको नेमकी डावीकडूनच बोलते, असा त्यांचा बचाव होता.

अशा या माणसाच्या घरी एका मंगळवारी परदेशातून लेकीचा फोन आला. अर्थातच आईला. बाप आणि लेक पाच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्याला भांडण म्हणण्याइतकाही आवाज कधी झाला नव्हता. फोन वाजला की उस्ताद बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचे, आणि फोन संपला की आत येऊन भिंतीकडे बघत "काय म्हणते?" असं विचारायचे. लेक हल्ली दर दोन दिवसांनी फोन करायची. त्या पाण्यापायी दोन झाडं कुजून मेली होती.

त्या मंगळवारचा फोन मात्र वेगळा होता. लेकीला तिचं ऑफिस महिन्याभरासाठी दूर पश्चिमेकडच्या कुठल्याशा देशात पाठवत होतं, आणि वाटेत विमान बदलायचं होतं ते नेमकं यांच्याच शहराच्या विमानतळावर. बाहेर येऊन भेटायला दोनेक तास मिळणार होते. "येत्या रविवारी सकाळी सातला निघते, सातला पोचते," एवढा निरोप तिनं दिला होता. त्यापुढे आणखी एक वाक्य होतं, आणि ते बायकोनं उस्तादांच्या उजव्या बाजूला जाऊन, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "बाबांनाही सांग. आले तर आले. नाही आले तर मी पुन्हा विचारणार नाही."

उस्तादांच्या हातातली झारी तशीच राहिली. लेक कधी बोलावेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. आतून त्यांना इतका आनंद झाला की तो लपवायला काहीतरी खुसपट काढणं भाग होतं, आणि खुसपट तर निरोपातच होतं.

"सातला निघून सातला कशी पोचेल?" ते म्हणाले. "निघाली की नाही मग?"

पाच वर्षांपूर्वी काय झालं होतं ते इथेच सांगून टाकलेलं बरं. लेक लग्नानंतर दीड वर्षानं एक बॅग घेऊन माहेरी आली आणि म्हणाली की मी तिथे परत जाणार नाही. उस्तादांनी कारण विचारलं. ती म्हणाली, सांगता येत नाही. त्यांनी परत विचारलं. ती म्हणाली, "मी म्हणतेय ना बाबा, नाही राहू शकत तिथे. तेवढं पुरेसं नाही का?" आता उस्ताद सरळ माणूस. गाडीत बिघाड आहे म्हटलं की कुठे आहे ते दाखवा म्हणणारा. त्यांना वाटलं, समजल्याशिवाय आपण कुठल्या बाजूला उभं राहायचं? म्हणून दुसऱ्या दिवशी ते जावयाकडे गेले. दोन्ही बाजू ऐकायला. जावयानं खुर्ची दिली, चहा दिला, पाया पडला. उस्ताद घरी आले आणि दारातच चपला काढता काढता म्हणाले, "माणूस तर बरा वाटतो."

लेकीनं त्याच संध्याकाळी बॅग उचलली. आधी मैत्रिणीकडे, मग परदेशात नोकरीवर. आपण एवढं काय वाईट बोललो ते उस्तादांना कळलंच नाही. खरं तर अजूनही कळलं नव्हतं. एवढंच कळत होतं की त्या वाक्यानंतर घरातला एक आवाज बंद झाला, आणि तो त्यांना रोज, अगदी अधू कानातसुद्धा, ऐकू येईनासा झालेला जाणवायचा.

म्हणूनच रविवारी चुकायचं नाही असं त्यांनी ठरवलं. आणि चुकायचं नाही म्हणजे हिशेब पक्का हवा.

बुधवारी ते खालच्या पार्लरवालीकडे गेले. तिच्या फोनवर जगातलं सगळं दिसतं अशी त्यांची समजूत होती. पार्लरवाली एका बाईच्या भुवया कोरत होती, त्यामुळे दोऱ्याचं एक टोक तिच्या दातांत होतं. तशा अवस्थेतही तिनं एका हातानं फोन पुढे ढकलला, आणि भुवया कोरून घेणाऱ्या बाईनंच डोळे किलकिले करून दोन्ही विमानतळांची नावं टाकून दिली. अंतर पावणेपाच हजार किलोमीटरच्या आसपास. प्रवासाला सहा तास. उस्तादांनी मनातल्या मनात भागाकार केला. तासाला आठशे. खड्डे नाहीत, गतिरोधक नाहीत, मधेच हात दाखवणारे प्रवासी नाहीत म्हटल्यावर जमत असेल.

"पण मग सातला निघून सातला कशी?" त्यांनी विचारलं.

पार्लरवालीनं दोरा न सोडता उत्तर दिलं. त्यातलं "सूर्य" आणि "मागे" हे दोन शब्द उस्तादांना कळले. सूर्य मागे लागतो की सूर्याच्या मागे जायचं असतं, तेवढं राहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं असतं, पण खुर्चीतल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, तेव्हा त्यांनी काढता पाय घेतला.

गुरुवारी सकाळी कंडक्टर आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर सगळी मांडामांड तयार होती. कप म्हणजे लेकीचं गाव, बशी म्हणजे आपलं, आणि मधून जाणारा चमचा म्हणजे विमान. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा सहा तास पुढे असतं हे उस्तादांना ठाऊक होतं. आपण दुपारचं जेवत असताना ती दिवे लावते, हे त्यांनी बाल्कनीत उभं राहून इतक्या वेळा ऐकलं होतं.

"सहा तास पुढे," कंडक्टर म्हणाला. "म्हणजे सहा मिळवायचे."

"का मिळवायचे? पुढे आहे तर वजा नको करायला?"

"पुढे असलेल्या गाडीला गाठायचं तर मिळवायलाच लागतं."

उस्तादांनी चमचा कपापासून बशीपर्यंत नेला आणि मिळवले. मग परत नेला आणि वजा केले. एकदा उत्तर आलं संध्याकाळचे सात. एकदा आलं सकाळचे सात, पण त्यासाठी विमान इथल्या मध्यरात्रीनंतर एक वाजता निघावं लागत होतं, आणि लेक तर चांगली उजाडल्यावर निघणार होती. एकाच वेळी अंधारही आणि ऊनही, हे उस्तादांना काही केल्या पचेना. तिसऱ्यांदा चमचा निघाला तेव्हा कंडक्टरनं तो मधेच उचलून चहात फिरवला, आणि विमान गारद झालं.

शेवटी वाट दाखवली ती त्यांच्या जुन्या नोकरीनंच. त्यांच्या कंपनीचे डेपो पुष्कळ, आणि दर डेपोतलं घड्याळ आपल्या मनाचा राजा. कुठलं दहा मिनिटं पुढे, कुठलं मागे, एक तर पाण्यात भिजल्यापासून सव्वाचारवर कायमचं बसलेलं. त्यावरून ड्रायव्हर आणि डेपोमास्तर यांच्या रोज कटकटी. म्हणून एक नियम झाला होता: गाडी ज्या डेपोची, घड्याळ त्या डेपोचं. निघताना आपल्या डेपोच्या घड्याळाला मनगटावरचं घड्याळ लावायचं आणि परत येईपर्यंत दुसऱ्या कुठल्याही घड्याळाकडे ढुंकून बघायचं नाही. पोचल्याची वेळ लिहायची तीही त्याच घड्याळाची. या नियमावर उस्तादांनी आयुष्य काढलं होतं.

"विमान कुठल्या डेपोचं?" त्यांनी कंडक्टरला विचारलं.

"तिथलं."

"मग वेळ कुठली?"

कंडक्टरचा चेहरा उजळला. पुढचं सगळं भराभर सुटत गेलं. लेकीनं सांगितलेले दोन्ही सात तिथल्याच घड्याळाचे. पहिले सकाळचे, तर दुसरे संध्याकाळचेच असणार, दुसरे कुठले? तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपल्या दुपारचा एक. सहा तासांच्या प्रवासाला बारा तास लागतात त्याचं काय, तर मधे कुठेतरी थांबत असेल विमान. माणसं आहेत, चहापाणी आहे, चालकालाही पाय मोकळे करावे लागतात. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकं बिनतोड काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

रविवारी बाराला निघायला नको, अकराला निघू, असं उस्तादांनी बायकोला जाहीर करून टाकलं. बायको भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला.

"ती सात म्हणाली," ती म्हणाली.

उस्तादांनी तिला डेपोचा नियम समजावून सांगितला. कपबशी पुन्हा मांडली. कंडक्टरनं मधे मधे "बरोबर" म्हटलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं, कपबशी उचलून विसळायला घेतली, आणि म्हणाली की आपल्याला यातलं काही समजत नाही; पण पोरगी सात म्हणालीय, तर आपण सातच्या आधी तिथे जाऊन बसणार.

"अगं, पाच-सहा तास बाकावर बसून राहशील. डोकं चालव जरा."

"डोकं तुम्ही चालवा. मी पाय चालवते."

"तिला नीट विचारून तरी घे. कुठले सात म्हणून."

"मी नाही विचारणार," बायको म्हणाली. "एकदा विचार विचार विचारून झालंय या घरात."

यावर उस्तादांनी डावा कान पुढे केला. कंडक्टरला एकदम काहीतरी काम आठवलं.

शुक्रवार आणि शनिवार घरात दोन वेगवेगळे रविवार तयार होत होते. बायकोनं लेकीचा जुना स्वेटर उन्हात टाकला, पिशवी भरली, शेजारणीला पहाटेच्या पहिल्या बसची वेळ विचारली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही बाई शहराच्या त्या टोकाला एकटी कधी गेली नव्हती. नवराच बस चालवणारा म्हटल्यावर जायची ती त्याच्यामागच्या सीटवर बसून. उस्तादांना काळजी वाटत होती, आणि काळजी वाटली की ते चिडायचे, तसे चिडलेही. तुला उतरायचं कुठे ते तरी माहीत आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. तिनं दोन्ही वेळा सांगितलं, जिथे सगळे सामान घेऊन उतरतील तिथे.

शनिवारी दुपारी ते पुन्हा एकदा पार्लरवालीच्या दारापर्यंत जाऊन आले. कुठेतरी मनात खुटखुटत होतं. पण पार्लर बंद होतं, आणि दारावरच्या आरशात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला, कुणाला तरी दिशा विचारायला थांबलेल्या परक्या माणसासारखा. आयुष्यात आपण कधी रस्ता विचारला नाही, हे त्यांना आठवलं. ते तसेच मागे फिरले.

रविवारी त्यांना जाग आली तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं होतं. चहा थर्मासमध्ये भरून ठेवलेला होता. उस्तादांनी दाढी केली, ती इतकी गुळगुळीत की दोन ठिकाणी रक्त आलं. पांढरा शर्ट काढला, त्याला इस्त्री केली, घडी चुकली म्हणून परत केली. लेकीशी पहिलं वाक्य काय बोलायचं याची त्यांनी इस्त्री फिरवता फिरवता तयारी केली. 'कशी आहेस' हे फार साधं वाटत होतं. 'बारीक झालीस' हे न बघताच कसं म्हणणार? आठच्या सुमाराला कंडक्टर आला, तोही नवीन शर्ट घालून, जणू दोघांचीही ड्यूटी लागली होती. आणि तेवढ्यात फोन वाजला.

"आलीय," बायको म्हणाली. तिच्या आवाजात हसूही होतं आणि रडूही. "समोर बसलीय माझ्या. चहा पितेय."

"कोण?"

"कोण काय? तुमची लेक."

उस्तादांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग मनगटावरच्या. मग कंडक्टरकडे. "पण एकला येणार होती," ते म्हणाले. "लवकर कशी आली?"

"सातला आली. सांगितल्याप्रमाणे. साडेनऊला तिला परत आत जायचंय. बोलता का तिच्याशी? देऊ का फोन?"

उस्तादांच्या डोक्यात कप, बशी, चमचा, डेपो सगळं एकदम गरगरलं. एकच गोष्ट कळली की साडेनऊ व्हायला वेळ फार थोडा आहे. "फोनवर काय बोलायचं," ते म्हणाले, "समोरच येतो," आणि त्यांनी फोन ठेवून दिला. शर्टाची एक बाही इस्त्रीची राहून गेली.

रविवारची बस म्हणजे काय असते हे उस्तादांइतकं कुणाला ठाऊक असणार? तरीही ते आत चढल्या चढल्या ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्याचा प्रत्येक गिअर मनातल्या मनात त्याच्या आधी बदलायला लागले. तो ड्रायव्हर तरुण आणि निवांत होता. स्टॉपवर माणूस नसला तरी थांबायचा, येतंय का कुणी म्हणून गल्लीत डोकावायचा. कंडक्टर मागून समजूत घालत होता की असं होतं कधी कधी, गाडी वेळेआधी येते, वाऱ्यामुळे वगैरे. उस्तादांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खिडकीतून बाहेर बघायला लागला.

वाटेत उस्तादांनी हिशेब पुन्हा पुन्हा मांडला. चूक कुठे झाली ते सापडलं तर निदान जिवाला जरा बरं वाटलं असतं. पण प्रत्येक पायरी बरोबर होती. नियम बरोबर होता, वजाबाकी बरोबर होती, कंडक्टरनं तपासली होती. आणि तरी त्यांची लेक तिकडे बाकावर बसून चहा पीत होती, त्यांना अजिबात न समजणाऱ्या एका सात वाजता आलेली. एक सिग्नल सुटेना तेव्हा त्यांच्या तोंडून एकदम निघालं, "मी नुसतं सातला गेलो असतो तर काय बिघडलं असतं?" शेजारच्या बाईला वाटलं तिलाच विचारलं. ती म्हणाली, सातला गर्दी कमी असते.

विमानतळावर उतरल्यावर दोघं धावले. म्हणजे कंडक्टर धावला. उस्तादांचा गुडघा धावण्यातला राहिला नव्हता, ते झपाझप लंगडले. बायको एका लांबलचक बाकाच्या टोकाला बसली होती. मांडीवर रिकामी पिशवी होती. समोर आत जाण्याचा दरवाजा, त्यावर पहारेकरी, आणि लोक एकेक करून आत जात होते, आतून बाहेर कुणीच येत नव्हतं. दरवाजावरचं घड्याळ पावणेदहाच्या पुढे गेलं होतं. उस्तादांना विचारायची गरज पडली नाही, तरी त्यांनी विचारलं.

"गेली?"

"आत्ताच. शेवटपर्यंत थांबली होती. पहारेकऱ्यानं दोनदा हटकलं."

उस्ताद बाकावर बसले. लाज वाटत होती, आणि रडूही येत होतं, पण कंडक्टर समोर उभा होता. बायकोनं सांगितलं की पोरगी छान दिसत होती, केस कापलेत, स्वेटर अंगाला झाला, तिथेच घातला. बाबा का नाही आले असं विचारलं नाही का, असं उस्तादांनी विचारलं. बायको म्हणाली, विचारलं.

"मी म्हटलं, कणकण आहे अंगात. तर ती हसली. म्हणाली, खोटं नको सांगूस आई. हिशेब केला असेल त्यांनी."

कंडक्टर खाली मान घालून दूर गेला आणि उगाच एका कचऱ्याच्या डब्यावरच्या सूचना वाचत उभा राहिला. त्या हिशेबात त्याचाही वाटा होता.

"पुन्हा विचारणार नाही म्हणाली होती," उस्ताद म्हणाले.

"हो."

"मग आता?"

बायकोनं फोन काढला, नंबर लावला, आणि वाजायला लागल्यावर सरळ त्यांच्या हातात दिला. इथे बाल्कनी नव्हती आणि कुंड्याही नव्हत्या. उस्तादांनी फोन उजव्या कानाला लावला.

"हां, आई," लेक म्हणाली. मागे गलका होता, कुठल्यातरी विमानाची घोषणा चालली होती. "रांगेत आहे मी. काय गं?"

इस्त्रीच्या वेळी तयार केलेली सगळी वाक्यं उस्तादांच्या डोक्यातून पुसली गेली.

"मी बोलतोय," ते म्हणाले.

तिकडची घोषणा संपली. उस्तादांना वाटलं, ठेवला बहुतेक. त्यांनी फोनकडे बघितलं, आकडे पळत होते.

"तू सात म्हणालीस," ते म्हणाले. "सातच वाजले होते. तुझंच बरोबर होतं."

"कुणाकुणाला विचारलंत, बाबा?"

"पार्लरवालीला. कंडक्टरला."

"आणि मला नाही."

"नाही," उस्ताद म्हणाले. "त्या वेळीसुद्धा तसंच झालं. तू सांगत होतीस, आणि मी त्याच्याकडे विचारायला गेलो. मला वाटलं..." बायकोनं त्यांच्या दंडाला धरलं.

लेक खाकरली. रांग पुढे सरकतेय, ती म्हणाली. मग म्हणाली की महिन्यानं परत जायचंय, सरळ जाणारं विमान आहे, ऑफिसनं तेच बघून ठेवलंय. पण सांगितलं तर इथून जाणारं तिकीट मिळेल.

"तेव्हा उलटं होतं सगळं," ती म्हणाली. "नीट ऐका. प्रवास सात तासांचाच आहे. पण मी तिथून शनिवारी दुपारी निघेन आणि इथे उतरेन रविवारी पहाटे. तीन वाजता. समजलं का, बाबा?"

उस्तादांनी डोळे मिटले. दुपार, अधिक सात, पहाटे तीन. कप आला, बशी आली, चमचा निघाला आणि मधेच कुठेतरी हरवला. त्यांनी तो शोधला नाही.

"नाही समजलं," ते म्हणाले. "पण येतो."